एकट्या गिटारवरचे जॅझ ऐकताना मूळ गाणे हातातून निसटते, ते का?

मालवी_कानसेन (धागाकर्ता), इंदूर

नमस्कार. आमच्या इंदूरच्या घरगुती श्रवण-बैठकीत ख्याल, ठुमरी आणि नाट्यसंगीत यांच्या जोडीला अधूनमधून परक्या मुलखातले काहीतरी लक्षपूर्वक ऐकण्याचा प्रघात आहे. या वेळी आम्ही जो पास या अमेरिकन गिटारवादकाची ‘व्हर्चुओसो’ ही ध्वनिमुद्रिका निवडली. नॉर्मन ग्रॅन्झ यांनी ती १९७३ साली आपल्या पाब्लो या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित करून घेतली. तिच्यात ड्रम्स नाहीत, बेस नाही, पियानो नाही. आहे ती एकच गिटार. (जो पास यांचा जन्म १९२९ चा, म्हणजे आपल्या इंदुरात जन्मलेल्या लताबाईंच्याच सालचा. या योगायोगाचा विषयाशी काडीचाही संबंध नाही, परंतु इंदूरकराला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.)

माझी अडचण या ध्वनिमुद्रिकेतील ‘ऑल द थिंग्ज यू आर’ या एका गाण्यापुरती सांगतो. चाल जेरोम कर्न यांची, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे, आणि गाणे १९३९ च्या ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या संगीतिकेतले. ती संगीतिका ब्रॉडवेवर ५९ प्रयोगांत आटोपली. गाणे मात्र जॅझ वादकांनी उचलले आणि आजतागायत सोडलेले नाही. मी ते आधी गायलेल्या रूपात पुष्कळदा ऐकले, इतके की चाल मला गुणगुणता येते. असे असूनही गिटारवर पहिला फेरा संपून वादक मोकळा सुटला की थोड्याच वेळात माझ्या हाती काही उरत नाही. मध्येच एखादी ओळखीची जागा चमकून जाते, मग पुन्हा स्वरांचा लोंढा सुरू होतो. सुरेल आहे, चकित करणारे आहे, पण वादक त्या क्षणी गाण्याच्या कोणत्या ओळीवर उभा आहे हे मला सांगता येत नाही.

आपल्याकडे बडा ख्याल कितीही लांबला तरी तबल्याचा ठेका चालू असतो आणि सम येते. येथे ठेका नाही आणि सम कोठे आहे ते कोणी सांगत नाही. जाणकारांना माझा प्रश्न एवढाच आहे की वादकाच्या मनात नक्की काय चालू असते, आणि श्रोत्याने कशाला धरून ठेवावे?

---

ख्यालिया

कानसेनजी, प्रश्न रास्त आहे, मात्र त्याचे उत्तर आपल्याला रुचेलच असे नाही. ज्या गावात उस्ताद अमीर खाँसाहेबांनी झुमरा तालाच्या अतिविलंबित लयीत एकेका स्वराला जागा करून दिली, त्या गावच्या कानांना हा लोंढा परका वाटला तर दोष कानांचा नाही. रागात षड्ज स्थिर असतो, तानपुरा अखंड चालू असतो आणि विस्ताराचा प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्यातून निघतो. आपण म्हणता त्या प्रकारात आधार म्हणावे असे काहीच स्थिर नाही. मीही ही ध्वनिमुद्रिका ऐकली आहे. बोटांची तयारी निर्विवाद आहे, परंतु तयारी म्हणजे गाणे नव्हे.

---

पेटीवाला

मी अनेक वर्षे तबला आणि पखवाजाच्या एकलवादनाला पेटीवर लेहरा धरत आलो आहे. नानासाहेब पानशांच्या पखवाजाची परंपरा सांगणाऱ्या या शहरात लेहरा म्हणजे काय हे कोणाला समजावण्याचे कारण नाही. कानसेनजींच्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या या कामातच सापडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तबलावादक पेशकार, कायदे, रेले वाजवतो तेव्हा पेटीवाला तीच एक सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. श्रोता लेहऱ्याकडे मुद्दाम लक्ष देत नाही, पण त्याच्याच आधाराने तबलावादक आवर्तनात कोठे आहे हे त्याला कळते आणि तिहाई समेवर आली की दाद निघते. लेहरा थांबवला, तर तोच तबला ऐकताना चांगला श्रोतासुद्धा चार-दोन आवर्तनांत चाचपडू लागेल.

जॅझच्या पंचकडीत (पाच वादकांच्या संचात) हे लेहऱ्याचे काम बेस, पियानो आणि ड्रम्स वाटून घेतात. पियानोवाला पोह्यांवर जिरावन भुरभुरावे तसे इथे-तिथे कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार स्वर) टाकतो आणि तेवढ्यावर ऐकणाऱ्याला ठिकाण समजते. एकट्या गिटारमध्ये ही माणसे उठून गेलेली असतात. वादक त्यांचे थोडे थोडे काम स्वतः करतो, परंतु सगळे एकाच वेळी करणे सहा तारांवर अशक्य असल्यामुळे तो सतत काही ना काही गाळत असतो. गाळलेले श्रोत्याने भरायचे असते. म्हणजे लेहरा बंद झालेला नाही. तो आता ऐकणाऱ्याच्या डोक्यात चालू राहावा अशी अपेक्षा आहे. वादक मोकळा सुटला की आपण मूळ चाल गुणगुणणे थांबवून त्याच्या मागे धावू लागतो, आणि वाट हरवते ती नेमकी तेव्हा. चाल मनात चालू ठेवा आणि गिटार तिच्याशी काय बोलते ते ऐका.

आता आवर्तनाविषयी. या गाण्याचा एक फेरा ३६ बारांचा असतो आणि प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे एकूण १४४ मात्रा. पहिला खंड आठ बारांचा, दुसरा आठांचा, तिसरा, म्हणजे मधला वळणाचा खंड, पुन्हा आठांचा आणि शेवटचा बारा बारांचा. मिनिटाला १४४ मात्रांच्या लयीत एक फेरा बरोबर एका मिनिटाचा होतो. ख्यालियाजींनी झुमऱ्याचा उल्लेख केलाच आहे. अतिविलंबित झुमऱ्याचे १४ मात्रांचे आवर्तनही मिनिटाच्या आसपास जाते आणि तेवढ्या वेळात आपण सम विसरत नाही. लांबी ही अडचण नाही. ओळख नसणे ही आहे.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. जो पास पुष्कळदा सुरुवातीला लय मोकळी सोडतात, मध्येही थांबतात, रेंगाळतात, मग पुन्हा चालू लागतात. अशा ठिकाणी मात्रा मोजत बसलात तर फसाल. तेथे बोटावर नव्हे, चालीच्या अक्षरांवर भरवसा ठेवावा. काळ थांबला तरी जागा सुटत नाही. ज्या अक्षरावर वादक थांबला त्याच्या पुढच्याच अक्षरावरून तो उठतो.

---

रामबाग_१४

प्रश्न बाळबोध वाटेल, तरी विचारतो. हे ऐकण्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपी किंवा कॉर्डची नावे यावी लागतात का? मला ‘सारेगम’पलीकडे काही येत नाही.

---

पेटीवाला

मुळीच नाही. ‘सारेगम’ पुरेसे आहे, आणि या गाण्याच्या बाबतीत तर ते अधिक सोयीचे आहे. पेटी असेल तर उघडून बसा.

काळी चार, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, हा षड्ज धरा. पहिल्या खंडातल्या चालीच्या मुख्य विसाव्याच्या जागा क्रमाने अशा आहेत: सा, वरचा मध्यम, खालचा निषाद, वरचा गंधार, खालचा धैवत. चाल अशी वर-खाली झोके घेत उतरते आणि येथपर्यंत सगळे स्वर शुद्ध आहेत. यांपैकी प्रत्येक स्वर हा त्या वेळी खाली वाजणाऱ्या कॉर्डचा गंधार आहे, कोठे शुद्ध तर कोठे कोमल. त्यामुळे एकच स्वर वाजला तरी खालचा सगळा रंग सूचित होतो. यानंतर चाल कोमल गंधारावर आणि तेथून खालच्या कोमल धैवतावर जाते. आपल्याला वाटते की दोन कोमल स्वर लागले. प्रत्यक्षात षड्जच बदललेला आहे. आता पांढरी एक हा षड्ज धरून तेच दोन स्वर पुन्हा वाजवा. ते शुद्ध निषाद आणि शुद्ध गंधार निघतील. पांढरी एक म्हणजे काय, तर मघाच्या काळी चारचा गंधार. जुना गंधार नवा षड्ज झाला.

दुसऱ्या खंडात तीच चाल काळी दोनच्या षड्जावर येते आणि त्याच रीतीने काळी दोनच्या गंधारावर, म्हणजे पांढरी पाचवर, स्थिरावते. तिसऱ्या खंडाचा पहिला अर्धा भाग पांढरी पाचवरच राहतो; दुसरा अर्धा पांढरी तीनवर उतरतो आणि चाल तिच्या शुद्ध गंधारावर लांब थांबते. पांढरी तीनचा शुद्ध गंधार कोणता? काळी चार! ज्या स्वरापासून आपण निघालो होतो तोच. चौथा खंड त्याच पट्टीवर सुरू होतो. बोट हललेले नाही, आणि जो स्वर आत्ता गंधार होता तो पुन्हा घरचा षड्ज झालेला आहे.

एका गाण्यात तीन वेळा गंधाराचा षड्ज करून घरी परतणे ही कर्न यांची कारागिरी आहे, वादकाची नव्हे. वादक तिच्यावर काय करतो ते नंतर पाहू. पण ही परतीची जागा एकदा कानात बसली की फेऱ्याची सांधणी कोठे आहे ते ओळखण्याची एक खूण आपल्याजवळ राहते. आपल्याकडे मूर्च्छनेच्या अंगाने षड्ज हलवून वाजवणारे वादक आहेतच, मात्र तेथे मूळ षड्ज तानपुऱ्यात वाजत असतो आणि त्याच्याशी होणाऱ्या ताणातच गंमत असते. येथे मूळ षड्ज फक्त स्मरणात असतो.

---

सहा_तारा

पेटीवाले काकांनी चालीविषयी लिहिले आहे, मी हातांविषयी लिहिते. मी गिटार शिकते आणि इंदुरातल्या बहुतेक विद्यार्थ्यांसारखीच चित्रपटगीतांच्या साथीपासून सुरुवात करून इकडे वळले आहे.

वादक किती गाळतो हे दाखवण्यासाठी तीन कॉर्डचा एक तुकडा घेऊ. पहिल्या खंडात दुसऱ्या बारापासून चौथ्या बारापर्यंत गाणे काळी चारच्या घरी येते, तो हा तुकडा. पूर्ण कॉर्ड वाजवायचे म्हटले तर प्रत्येकात चार-पाच स्वर येतील. वादक त्यातले तीनच ठेवतो: तळाचा एक आणि मधले दोन. पहिल्या कॉर्डसाठी जाड सहावी तार, चौथी तार आणि तिसरी तार, तिन्ही सहाव्या पडद्यावर. मधल्या दोन तारांवर काकांच्या ‘सारेगम’प्रमाणे सा आणि म आहेत. दुसऱ्या कॉर्डला तिसऱ्या तारेवरचा म जागचा हलत नाही, चौथ्या तारेवरचे बोट एक पडदा मागे पाचव्यावर येते आणि सा चा नि होतो. तळाचा स्वर पाचव्या तारेच्या सहाव्या पडद्यावर, तो पंचम. तिसऱ्या कॉर्डला नि जागचा हलत नाही, तिसऱ्या तारेवरचे बोट एक पडदा मागे येते आणि म चा ग होतो. तळाला सहाव्या तारेच्या चौथ्या पडद्यावर सा.

म्हणजे मधल्या दोन तारांवर एका वेळी एकच बोट एकच पडदा सरकले: सा-म, नि-म, नि-ग. एवढ्या हालचालीतून कानाला ‘घर आले’ हे कळते. वरच्या दोन तारा या सगळ्यात मोकळ्या राहिल्या आहेत आणि चाल किंवा तान तेथे चालते. एक माणूस दोन-तीन माणसांसारखा का वाटतो, याचे बरेचसे रहस्य या काटकसरीत आहे.

आता बदल कसा होतो ते पाहा. मधल्या कॉर्डमध्ये नि आणि म हे दोन स्वर कायम ठेवून वादक तळाचा पंचम काढून टाकतो आणि त्याऐवजी सहाव्या तारेचा पाचवा पडदा दाबतो. तो आहे कोमल रिषभ. तळाचा प्रवास आधी रे, प, सा असा होता, तो आता रे, कोमल रे, सा असा झाला आणि एकाच तारेवर सहा, पाच, चार असा पडद्यापडद्याने उतरला. मधले दोन स्वर तेच असल्यामुळे गाणे मोडत नाही, पण प्रकाश बदलल्यासारखा वाटतो. जॅझमध्ये ही अदलाबदल नेहमीची आहे आणि जो पास यांच्या वादनात ती पावलोपावली भेटते. कानसेनजींना जेथे ‘ओळखीचे आहे, पण तेच नाही’ असे वाटते, तेथे बहुधा असे काहीतरी घडलेले असते.

आणखी एक गोष्ट फक्त गिटारवाल्यालाच सुचेल अशी आहे. गिटारच्या मोकळ्या तारांचे स्वर जाड तारेकडून बारीक तारेकडे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन असे असतात. काळी चारच्या सप्तकात यांपैकी फक्त पांढरी पाच बसते. पांढरी एक आणि पांढरी पाचच्या सप्तकांत मात्र सगळ्याच बसतात. त्यामुळे घरच्या भागात जवळजवळ प्रत्येक स्वर बोटाने धरून ठेवावा लागतो आणि बोट उचलले की नाद तुटतो; मधल्या खंडात पांढरी पाचवर आल्यावर वादकाने मनात आणले तर मोकळी तार मागे घुमत ठेवता येते. या ध्वनिमुद्रिकेत ॲम्प्लिफायरचा गोलाई दिलेला आवाज जवळजवळ नाही, तारेचा कोरडा नाद आहे, म्हणून घुमणारी आणि तुटणारी तार यांतला फरक लवकर ऐकू येतो.

---

ख्यालिया

सहा_ताराताईंचा प्रतिसाद मी दोनदा वाचला; इतके नेमके लिहिलेले क्वचित वाचायला मिळते. पेटीवाल्यांच्या मांडणीवर मात्र माझा एक आक्षेप आहे. काळी चार ही पट्टी पांढरी तीनचा शुद्ध गंधार आहे असे ते म्हणतात. पेटीच्या पट्टीवर तसे असेल. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो त्या पट्टीपेक्षा खाली असतो, आणि आमच्या कानाला शुद्ध गंधार म्हणून तोच ठाऊक आहे. ज्या वळणाचे आपण एवढे कौतुक करता, ते मग गंधाराला किंचित चढवून साधलेले आहे असे म्हणावे लागेल.

---

पेटीवाला

अगदी बरोबर, आणि हा आक्षेप आपण काढलात ते बरेच झाले. तानपुऱ्यातला गंधार समान विभागणीच्या, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून जुळवलेल्या, पट्टीपेक्षा सुमारे १४ सेंटनी उतरलेला असतो. एका अर्ध्या स्वरात असे १०० सेंट असतात. आता या गाण्याची वाट शुद्ध अंतरांनी चालून पाहू. काळी चारवरून तिच्या गंधारावर, तेथून काळी दोनवर, तिच्या गंधारावर, मग खाली पांढरी तीनवर आणि शेवटी तिच्या गंधारावर. प्रत्येक अंतर तानपुऱ्याप्रमाणे घेतले तर आपण तार षड्जावर पोहोचतच नाही. सुमारे ४१ सेंट अलीकडेच थांबतो. जवळजवळ अर्ध्या पट्टीएवढी तूट! तीन वेळा गंधाराचा षड्ज केला आणि प्रत्येक वेळी १४ सेंट सांडले, असा सरळ हिशेब आहे.

म्हणून हे गाणे पेटीवर, पियानोवर आणि पडद्यांच्या गिटारवर शक्य आहे, तानपुऱ्यावर नाही. गंधाराचा गोडवा थोडा देऊन घरी परतण्याची वाट विकत घेतली आहे. हा सौदा आपल्याला मान्य नसेल तर तो आपला अधिकार आहे. कित्येक गवयांना याच कारणाने पेटीसुद्धा मान्य नव्हती. पण सौदा झालेला आहे हे समजून ऐकले, तर त्या वळणावर गंधार जरा चढा का लागतो याचे आश्चर्य वाटणार नाही.

---

मालवी_कानसेन

सर्वांचे मनापासून आभार. लेहऱ्याची सूचना प्रमाण मानून आम्ही बैठकीत ऐकण्याची रीत बदलली. आधी गायलेले गाणे एकदा ऐकले, नंतर पेटीवर काळी चारमध्ये चाल वाजवली, आणि गिटार सुरू झाल्यावर आमच्यापैकी एकाने ती चाल तोंडातल्या तोंडात चालू ठेवायची, बाकीच्यांनी फक्त ऐकायचे, असे ठरवले.

पहिली लक्षात आलेली गोष्ट अशी की वादक चालीपासून आम्हाला वाटत होते तितका दूर जात नाही. चालीच्या दोन स्वरांमध्ये जी रिकामी जागा असते तेथे तो धावतो आणि पुढचा मुख्य स्वर यायच्या वेळी बहुधा तेथे हजर असतो. कधी तो स्वर वरच्या तारेवर ठळक येतो, कधी मधल्या आवाजात लपून येतो, तर कधी तळाला. चाल मनात चालू नसेल तर लपलेला स्वर निव्वळ लोंढ्याचा भाग वाटतो. चालू असेल तर तो सापडतो. ‘मध्येच ओळखीची जागा चमकते’ असे मी लिहिले होते, त्या जागा मोक्याच्या होत्या हे आता दिसते.

दुसरी गोष्ट लयीची. तळाचे स्वर जेव्हा मात्रेमात्रेला एक असे चालू लागतात, तेव्हा वरच्या तारांवरची चाल तुटक होते, आणि वर लांब तान निघाली की तळ गप्प होतो. दोन्ही एकदम अखंड चालू आहेत असा भास होतो, पण तो भासच आहे. तळ गप्प असलेल्या बारांत आमच्यातल्या एका तबलजीने मांडीवर ठेका धरून पाहिला आणि तळ परत आला तो मात्रेवरच. ठेका कोणी देत नसला तरी तो सुटलेला नसतो, एवढे त्यावरून म्हणता येईल.

एक शंका मात्र शिल्लक आहे. मधल्या खंडानंतरची परतीची जागा आम्हाला दर वेळी मिळाली नाही. काही फेऱ्यांत वादकाने तो लांब गंधार ठेवलाच नाही, त्या जागी तो तानेत होता. अशा वेळी फेरा संपत आला हे कशावरून ओळखायचे?

---

ख्यालिया

कानसेनजींचा वृत्तांत वाचून मी ती एकच ध्वनिमुद्रणाची बाजू पुन्हा लावली. लपलेल्या स्वरांचे म्हणणे मला पटते. तथापि माझे मूळ मत मी पूर्णपणे मागे घेत नाही. धावत्या तानांच्या काही आकृती दुसऱ्या गाण्यांतही तशाच्या तशा भेटतात. बोटांना सवयीचे झालेले वळण गाण्याची गरज नसताना आले की ते मला कळते. आमच्याकडच्या तानबाजीलाही मी हेच म्हणतो, तेव्हा कोणी राग मानू नये. अमीर खाँसाहेबांच्या मेरुखंडात, म्हणजे स्वरांचे क्रम उलटसुलट मांडण्याच्या पद्धतीत, सात स्वरांचे ५०४० क्रम संभवतात, पण रागाला न मानवणारा क्रम ते गात नसत. तो नकार मला येथे कमी ऐकू येतो.

---

सहा_तारा

ख्यालियाजींचा हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे आणि गिटारवाल्यांमध्येही तो घेतला जातो. फक्त एक जोडते. मुक्त वादनात पुढचा कॉर्ड धरण्यासाठी हाताला क्षणभर उसंत लागते आणि सवयीची आकृती पुष्कळदा ती उसंत मिळवून देते. मागे साथीला कोणी असते तर वादक तेथे गप्प राहू शकला असता. एकट्याला ती मुभा कमी असते, कारण त्याच्या गप्प राहण्याने सगळेच थांबते. म्हणूनच मंद लयीतली वादने आधी ऐकावीत असे मी सुचवीन. याच ध्वनिमुद्रिकेत ‘हिअर्ज दॅट रेनी डे’ आणि ‘राउंड मिडनाइट’ ही गाणी आहेत. ज्या नकाराची आपण अपेक्षा करता, तो तेथे मिळण्याची शक्यता अधिक आहे.

कानसेनजींच्या शंकेविषयी. लांब गंधार मिळाला नाही तर वरच्या तारा सोडून द्या आणि शेवटच्या बारा बारांत तळाकडे कान लावा. चौथ्या खंडाची सुरुवात पहिल्यासारखीच असते, परंतु पाचव्या बारात तळ मध्यमावर आला की पुढे पांढरी एककडे वळण्याऐवजी तो तेथेच थांबतो, आणि त्या मध्यमाच्या कॉर्डमधला शुद्ध धैवत पुढच्या बारात कोमल होतो. हा शुद्धाचा कोमल धैवत ही पहिली खूण. त्यानंतर तळ म, ग, कोमल ग, रे असा एकेक बाराला एकेक पायरी उतरतो, मग पंचम आणि शेवटी षड्ज. आधीच्या तीन खंडांत तळ बहुतांशी मोठ्या उड्या मारत आलेला असल्यामुळे ही लागून लागून होणारी उतरण वेगळी ऐकू येते. मघाशी सांगितलेली अदलाबदल वादकाने येथेही केली तर पंचमाच्या जागी कोमल रे येईल आणि उतरण म पासून सा पर्यंत जवळजवळ सलग होईल.

षड्ज आल्यावर साधारण एक-दोन बारांची जागा उरते. पुढचा फेरा घ्यायचा असेल तर वादक त्या जागेत पहिल्या कॉर्डकडे, म्हणजे पांढरी चारकडे, ओढणारे काहीतरी वाजवतो. थांबायचे असेल तर तेथे लय सैल होऊ लागते. याच गाण्याला डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्या १९४५ च्या ध्वनिमुद्रणातली एक छोटी सुरुवात पुढे इतकी चिकटली, की अनेक जण ती शेवटालाही वाजवतात. ती ऐकून ठेवलीत तर कोणी शेवटाला वाजवली तेव्हा लगेच ओळखू येईल.

---

मालवी_कानसेन

धैवताची खूण पेटीवर वाजवून पाहिली; रामबागजींनाही ती लगेच ऐकू आली. पुढच्या बैठकीत ‘हिअर्ज दॅट रेनी डे’ घेत आहोत. ख्यालियाजी, आपण इंदुरातच असाल तर जरूर यावे. पेटीवाले काका पेटी घेऊन येणार आहेत आणि तानपुरा आमच्याकडे आहे.

---

ख्यालिया

येतो. तानपुरा मीच जुळवीन, आणि तो ४१ सेंटांचा हिशेब काकांनी समोर बसून वाजवून दाखवावा.